धूमकेतूचा वास

तापातून आई उठली, पण तिचं नाक काही उठलं नाही.

ताप साधाच होता. मे महिन्यात गावात घरोघर येऊन गेला, तसा आमच्याकडेही आला आणि आठवड्याभरात उतरला. उतरल्यावरच्या पहिल्या सकाळी वहिनीने गवती चहाची पात टाकून केलेला चहा आईपुढे ठेवला. आईने दोन घोट घेतले आणि विचारलं, "पात संपली काय गो?" वहिनीला वाटलं, सासूबाई टोमणा मारतायत. तिने दुसऱ्या दिवशी दुप्पट पात टाकली. आईने पुन्हा तेच विचारलं, आणि मग कपात बघितलं. चहात पात तरंगताना तिला दिसत होती.

माझी आई चिंचणीची. भाऊ बोटीवर जातो, वहिनी मासळी वाळवते आणि आई ती सुकी मासळी टोपलीत भरून डहाणूच्या आणि तलासरीच्या बाजारात विकते. मी त्या घरातली शिकलेली मुलगी, म्हणजे सगळ्यांना उपदेश करणारी. तलासरीजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते आणि सरावलीला राहते. राग माझ्या नाकावर असतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. ते मला मान्य आहे. निदान माझं नाक कुठल्या तरी कामाला तरी येतं.

आईचं नाक मात्र खरोखरच कामाचं होतं. सुक्या मासळीत सगळं नाकावर चालतं. ओल धरलेला बोंबील वरून चांगल्या बोंबलासारखाच दिसतो, हाताला कडकही लागतो. गिऱ्हाइकाच्या डब्यात चार दिवस राहिला की मग आपले गुण दाखवतो. नाकाला मात्र तो पहिल्याच दिवशी कळतो. आई जुडी उचलायची, नाकाजवळून फिरवायची आणि चांगली असेल तर उजवीकडे, नसेल तर डावीकडे टाकायची. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलंच नसावं.

ताप उतरल्यावर तिने हे कुणालाच सांगितलं नाही. पावसाळ्यासाठी मासळी भरून ठेवण्याचे दिवस, बाजार जोरात. ती जुडी उचलायची, नाकाजवळून फिरवायची, आणि अंदाजाने टाकायची. जूनच्या तोंडावर तलासरीच्या बाजारात एक जुनी गिऱ्हाईक परत आली. तिने बोंबलांची अख्खी जुडी फडक्यातून काढून आईपुढे ठेवली आणि एवढंच म्हणाली, "मावशी, तुझ्याकडचे बोंबील असे?" ती भांडली असती तर आईने चार शब्द सुनावले असते आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण ती भांडली नाही. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. आईने जुडी बदलून दिली, घरी आली, टोपली पालथी घातली आणि वहिनीला म्हणाली, "आता तू जा बाजारात. माझं झालं."

वहिनी घाबरली. ती घरात राबणारी बाई, चारचौघांत तोंडातून शब्द निघायची मारामार. आणि आई बाजाराशिवाय घरात बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती. ती ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायची. कुणी हाक मारली तर ओ द्यायची, बस. मला तिची इतकी काळजी वाटायची की मी तिच्यावर ओरडायचे. आमच्यात काळजीची हीच पद्धत आहे.

मी तिला डहाणूत नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वासाच्या नसा दुखावल्यात. काही महिन्यांनी वास परत येतो. काहींना येत नाही. औषध असं नाही, पण एक व्यायाम आहे: लिंबू, लवंग, गुलाब आणि निलगिरी, चारही वास रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचे, आणि घेताना तो वास आठवायचा. मी त्याच दिवशी चार बाटल्या भरून दिल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नाव लिहिलं. आईने तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी बाटल्या फडताळात गेल्या.

"येत नाय तो वास घेऊन मी काय करू?" ती म्हणाली. "रिकाम्या डब्यात तोंड घालून बसल्यासारखं होतं."

मी समजावलं, चिडले, फोन आपटला. काही उपयोग झाला नाही.

ऑक्टोबरात धूमकेतू आला. सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. मोबाइलवर फोटो फिरायला लागले, आणि त्याबरोबर नेहमीचं सगळंही फिरायला लागलं, की अरिष्ट येणार, कुणीतरी मोठा मरणार. शाळेत मुलांनी विचारलं तेव्हा मी ठरलेला धडा बाजूला ठेवला. आधी विचारलं, धूमकेतू कशाचा असतो? सगळा वर्ग म्हणाला, आगीचा. यात मुलांची काय चूक? शब्दातच धूर आहे. धूर आला म्हणजे आग असणारच.

मग मी त्यांच्यासमोर धूमकेतू बनवला. भावाने चिंचणीच्या बर्फाच्या कारखान्यातून थर्माकोलच्या पेटीत बर्फ दिला होता. तो फोडला, त्यात किनाऱ्यावरची रेती घातली, चुलीतला कोळसा कुटून घातला, थोडी काकवी, प्रयोगशाळेतल्या अमोनियाचे थेंब. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत दाबून गोळा केला. काळा, ओबडधोबड, वाफाळणारा गोळा टेबलावर बसला आणि वर्गभर वास सुटला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, बाजाराच्या दिवशीचा वास आला." वर्ग हसला. मी म्हटलं, अगदी बरोबर बोललीस.

कारण माणसाने धूमकेतूचा खरोखर वास घेतलेला आहे. पहिल्यांदा यानं जवळून गेली तेव्हा एवढंच कळलं, की आतला गोळा कोळशापेक्षाही काळा आहे, आणि उजळते ती त्याच्याभोवतीची धूळ आणि वाफ. एका यानाने धूमकेतूवर तांब्याचा जड ठोकळा आपटला. उडालेली धूळ वाळूसारखी असेल असं वाटलं होतं, ती निघाली पावडरीसारखी मऊ. एका यानाने शेपटीतली धूळ गोळा करून चक्क पृथ्वीवर आणली. बर्फाच्या त्या गोळ्यात सूर्याजवळच्या प्रचंड उष्णतेत तयार झालेले कण सापडले. आणि मग एक यान गेलं ते धूमकेतूभोवती दोन वर्षं फिरत राहिलं. त्याच्याकडे वास घेणारं यंत्र होतं, वायूचा रेणू न् रेणू वेगळा करून ओळखणारं. मुलं ऐकत होती. तास संपला तरी कुणी दप्तर आवरलं नाही, हे सांगायला मला आवडतं म्हणून सांगतेय.

त्या शनिवारी शाळेची दुर्बीण घेऊन मी चिंचणीला गेले आणि आईला जवळजवळ ओढतच किनाऱ्यावर नेलं. ती यायला तयार नव्हती. शेजारणीने तिला सांगितलं होतं, असला तारा बघू नये, वाईट होतं. पण त्याचं तिला काही नव्हतं. "मना आता आणखी काय वाईट व्हायचंय," ती म्हणाली. ओढून आणलेल्या बोटींच्या रांगेशी आम्ही बसलो. आकाश तांबडं होतं ते निळं झालं, शुक्र दिसला, आणि थोड्या वेळाने त्याच्या वरच्या बाजूला एक पुसट रेघ. दुर्बिणीतून तिला डोकं आणि शेपूट दिसलं. बराच वेळ तिने दुर्बीण खाली घेतली नाही.

"ह्याचा वास घेतलाय माणसांनी," मी म्हटलं. "ह्याचा नाही, ह्याच्या भाऊबंदांपैकी एकाचा."

"ताऱ्याचा वास?"

"तारा नाही तो, आई. बर्फाचा डोंगर आहे, धुळीने माखलेला. सूर्याजवळ आला की त्याची वाफ होते. यान त्या वाफेत जाऊन फिरलं."

"कसला वास आला?"

"सडक्या अंड्यांचा. घोड्याच्या तबेल्याचा. थोडा दारूचा. जरा कडू बदामासारखा."

आई हसली. वासाच्या गोष्टीवर ती इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसली. "म्हणजे घाणच की."

"घाण खरी, पण त्या घाणीतच सगळी गंमत आहे," मी म्हटलं आणि माझं शिकवणं सुरू झालं. त्या वाफेत एक पदार्थ सापडला, आपलं शरीर ज्या बारीक तुकड्यांनी बनतं त्यातला अगदी साधा तुकडा. असे धूमकेतू पृथ्वीवर पूर्वी खूप पडले, त्यांनी हे सामान आणलंही असेल. मी चांगलं सांगत होते, हे मला स्वतःला जाणवत होतं. आई ऐकत नव्हती.

"तिकडे पोचायला किती वर्षं लागली?" तिने मध्येच विचारलं.

"दहा."

"मग दहा वर्षं त्याचं नाक चालूच होतं?"

मला कळेना, हिला नेमकं काय हवंय. "नाही. मध्ये सूर्यापासून इतकं लांब गेलं की वीज पुरेना. म्हणून सगळं यानच झोपवून ठेवलं होतं. दोन-अडीच वर्षं. आधी लावून ठेवलेल्या गजरावर ते आपलं आपण जागं झालं."

"आणि उठल्यावर नाक चाललं?"

"लगेच नाही. आधी अंग गरम केलं त्याने. मग एकेक यंत्र सुरू करून तपासलं. त्यात महिने गेले. मग धूमकेतूजवळ पोचल्यावर वास आला."

मी जीवसृष्टीचा उगम सांगत होते आणि ही यानाच्या झोपेवर अडली होती. मी पुढे बोलणार तेवढ्यात तिने विचारलं, "पण त्याला कलला कसा, हा घोड्याचा वास म्हणून? तिकडे कोन सांगनार?"

हा प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं की तसंच दुसरं यंत्र इथे प्रयोगशाळेत ठेवलं होतं. माहीत असलेले वायू त्याला देऊन बघायचे, आणि वर गेलेल्या यंत्राने कळवलेल्या खुणा त्याच्याशी जुळवायच्या.

"म्हणजे एक नाक घरी, एक तिकडे."

"हो, तसंच."

धूमकेतू क्षितिजाकडे उतरत होता. आई उठली, पातळाची रेती झटकली आणि म्हणाली, "चल. मना तुझ्या वहिनीशी बोलायचंय."

पुढच्या रविवारी मी गेले तर फडताळातल्या बाटल्या ओट्यावर आल्या होत्या. लिंबू आणि लवंग ठेवली होती. गुलाबपाणी आणि निलगिरी गायब. त्यांच्या जागी दोन डबे होते, एकात खडखडीत वाळलेला बोंबील आणि दुसऱ्यात मुद्दाम पाण्याचा हात लावून ठेवलेला. "गुलाबाशी माझं काय काम?" आई म्हणाली. व्यायामाची रीतही तिने बदलली होती. आधी वहिनी वास घ्यायची आणि तो कसा आहे ते मोठ्याने सांगायची. मग त्याच डब्याला आई नाक लावायची. वहिनी हे घरचं नाक.

वहिनीची मात्र पंचाईत. वास घेणं सोपं, सांगणार कसा? "चांगला हाय," ती म्हणायची. आई म्हणायची, "चांगला म्हंजे? नीट सांग." बिचारी पुन्हा वास घ्यायची. थंडी पडेपर्यंत तिला शब्द सापडायला लागले. चांगला बोंबील नाकाच्या शेंड्यावर बसतो, ती म्हणाली. ओला बोंबील खाली घशात उतरतो. आईने डोळे मिटून मान हलवली. "हां. घशात उतरतो. तसाच." तिला वास येत नव्हता, पण त्या क्षणी तो आठवला होता. सासूपुढे कधी दोन वाक्यं सलग न बोललेली माझी वहिनी आता सकाळ-संध्याकाळ बोलत होती, आणि आई तिचं म्हणणं लक्ष देऊन ऐकत होती. त्या दोघींना तशा बसलेल्या बघून मला इतकं बरं वाटायचं की मी ओरडायचं विसरायचे.

मला मात्र दर रविवारी यानाची हकिगत सांगावी लागे. यानाने आपल्या पोटातून एक लहान यंत्र धूमकेतूवर सोडलं होतं. ते पाय रोवून उभं राहायचं होतं, पण पाय रोवले गेले नाहीत. चेंडूसारखं उसळलं, लांब जाऊन एका कपारीत आडवं पडलं. तिथे ऊन नाही. वीज संपली आणि ते गप्प झालं. "मेलं म्हंजे," भाऊ म्हणाला. मी सांगितलं, की पहिल्यांदा आपटलं तेव्हा जी धूळ उडाली, तिचाच वास घेऊन ठेवला होता त्याने, आणि वीज संपायच्या आत तो कळवलाही. आईला हे पटलं. पडलं तरी काम करून पडलं, असं ती दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

भावाला वासात रस नव्हता, पाण्यात होता. आपल्या समुद्राचं पाणी धूमकेतूंनी आणलं असेल असं पूर्वी वाटायचं, तर त्या यानाने तिथलं पाणी तपासलं. ते आपल्या पाण्याशी जुळलं नाही. दुसऱ्या एका धूमकेतूचं मात्र बरंचसं जुळतं. "मग दर्या आला कुठून?" भावाने विचारलं. मी म्हटलं, अजून नक्की माहीत नाही, शोधतायत. तो खूश झाला. मला वाटतं, शिकलेल्या बहिणीला काहीतरी माहीत नाही याचाच त्याला जास्त आनंद झाला असावा.

फेब्रुवारीत सकाळी आईचा फोन आला.

"बाय, मना वास येतो."

मी विचारलं, "कसला?"

"घान. सगल्याला घान. चहाला घान, साबनाला घान, कोथिंबिरीला तर मेलेल्या उंदरासारखी."

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, उत्तम. नसा पुन्हा जुळतायत, सुरुवातीला चुकीच्या जुळतात. काहींना अशीच सुरुवात होते. मला ऐकायला बरं वाटलं, पण आईचे हाल सुरू झाले. तिला कांदा चालेना, तेलाची फोडणी चालेना. दहीभात आणि उकडलेले बटाटे यांवर तिने दीड महिना काढला. गालफडं बसली. मी म्हटलं, आई, थोडे दिवस तो व्यायाम बंद कर. तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच विषय सोडला. "त्या यानाला पन पहिला घानच आला ना?" ती म्हणाली. "ते काय परत आलं?" यान परत येणार नव्हतंच मुळी, शेवटी ते धूमकेतूवरच उतरवून बंद केलं, हे मी तिला त्या वेळी सांगितलं नाही.

मग मे महिना पुन्हा आला. माझ्या शाळेला सुट्टी, तलासरीला बाजार. टोपलीमागे आता वहिनी बसायची. वर्षभरात ती भाव करायला शिकली होती, गुजरातीत दोन वाक्यंही बोलायची. आई तिच्या शेजारी नुसती बसलेली. मी उगाच मदत करत होते, म्हणजे मध्येमध्ये येत होते.

उंबरगाव बाजूची एक बाई आली. तिला पावसाळ्यापुरती मासळी हवी होती, आणि गाडी पकडायची घाई होती. वहिनीने जुड्या काढून पुढे ठेवल्या. आईने त्यातली एक उचलली आणि सवयीने नाकाजवळून फिरवली. ती सवय नाक गेल्यावरही गेली नव्हती, त्यामुळे माझं लक्षही नव्हतं. पण तिचा हात तिथेच थांबला.

तिने जुडी वहिनीच्या नाकाला लावली. "घे."

वहिनीने वास घेतला. "चांगला हाय की."

"मधल्या बोंबलांत घे."

वहिनीने जुडीची दोरी सैल केली, नाक आत घातलं आणि वर बघितलं. तिचा चेहरा उतरला होता. सकाळी टेम्पोत कुणाच्या तरी बर्फाच्या पेटीचं पाणी गळलं होतं. जुडी बाहेरून वाळली होती, आत ओल राहिली होती.

आईने ती जुडी उचलून पाठीमागे टाकली. मग दुसरी नाकाला लावली, तीही मागे टाकली. "हे नको, बेन," ती त्या बाईला म्हणाली. "आत ओल हाय. टिकनार नाय."

"चालशे, मासी," बाई म्हणाली. "मने मोडू थाय छे." तिला उशीर होत होता.

"नाय चालनार."

बाई वैतागली आणि तीन टोपल्या पलीकडे जाऊन तिथून सगळी मासळी घेऊन गेली. आमची सकाळची सगळ्यात मोठी विक्री गेली, आणि आईच्या चेहऱ्यावर मी वर्षभरात पाहिला नव्हता असा आनंद होता.

"आई, तुला वास आला?" मी विचारलं. "सगळा आला?"

"सगला नाय. चांगल्या बोंबलाचा अजून कायच कलत नाय, कोरा लागतो." ती पुढची जुडी नाकाला लावत होती. "ओला तेवढा कलतो. घशात उतरतो. धंद्याला तेवढा पुरतो."

मी भर बाजारात रडायला लागले. वहिनीने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तीही रडत होती. आईने जुडी उजवीकडे ठेवली, आम्हा दोघींकडे एकदा बघितलं आणि मला कोपराने ढकललं.

"बाजूला हो गो," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला टोपली दिसत नाय."